जनुकांचा हिशेब, पण कोणाच्या?

रुग्णाची जनुकीय माहिती संगणकाला पुरवायची आणि मशीन लर्निंगच्या साह्याने त्याला नेमका लागू पडेल असा उपचार निवडायचा, ही कल्पना वैद्यकविश्वात आता चांगलीच रुजली आहे. ती निराधार नाही. मात्र ज्यांची माहिती यंत्राला शिकवली, त्यांच्यापलीकडच्या रुग्णांबाबत त्याचा अंदाज चुकू शकतो, हे विसरून चालणार नाही.

रक्त पातळ ठेवणाऱ्या ‘वॉरफरिन’चे उदाहरण याबाबत बोलके आहे. त्याची मात्रा वाढली तर रक्तस्राव होतो, कमी पडली तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ‘सीवायपी२सी९’ आणि ‘व्हीकेओआरसी१’ या जनुकांचा मात्रेवर मोठा प्रभाव असतो. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय संशोधकांनी चार हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवरून मात्रेचे सूत्र मांडले. तेव्हा मशीन लर्निंगच्या पद्धतीही पडताळल्या गेल्या; पण साध्या समीकरणापेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत.

२०१३ मध्ये अमेरिकेतील ‘कोॲग’ चाचणीचे निष्कर्ष आले. १,०१५ रुग्णांच्या या चाचणीत जनुकाधारित मात्रेचा एकंदर लाभ दिसला नाही. कृष्णवर्णीयांमध्ये तर रक्त गोठण्याचे प्रमाण योग्य मर्यादेत राखण्यात ती नेहमीच्या पद्धतीपेक्षा मागे पडली. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणारे काही जनुकीय बदल त्या सूत्रात धरलेलेच नव्हते.

हा दोष एका औषधापुरता नाही. आजारांशी निगडित जनुके शोधणाऱ्या अभ्यासांतील सुमारे ७९ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे असल्याचे २०१९ मधील एका विश्लेषणात आढळले. त्यावर बेतलेल्या अनुमानांची अचूकता दक्षिण आशियाई लोकांमध्ये सुमारे ३७ टक्क्यांनी कमी भरली.

म्हणूनच ‘जीनोम इंडिया’चे महत्त्व मोठे. २०२० मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात वीस संस्थांनी भारतीयांच्या दहा हजार जनुकसंचांचे वाचन केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. परंतु केवळ जनुकसंच हाती असून भागत नाही. कोणत्या रुग्णाला कोणते औषध किती दिले आणि त्याचा परिणाम काय झाला, याची नोंद त्याला जोडली गेली, तरच यंत्राला शिकण्याजोगे काही मिळते. रुग्णाची संमती व गोपनीयता जपून अशा नोंदी उभ्या करणे हेच खरे काम आहे. ते टाळून परदेशी सूत्रे जशीच्या तशी उचलली, तर ‘वैयक्तिक’ म्हणवणारा उपचार येथील रुग्णासाठी परक्याच्या मापाने बेतलेला ठरेल.