शेक किती, कुठे आणि कोणाच्या मर्जीने?

प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी आपल्या समाजात बोलले जात नाही. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगावर विहारात व्याख्याने होतात, महिलांच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीची शिबिरे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. पण साठी ओलांडलेल्या पुरुषाच्या लघवीच्या वाटेशी जोडलेला हा आजार घरातल्या घरातही दडवला जातो. म्हातारपणी लघवीला त्रास व्हायचाच, असे म्हणत दोन-दोन वर्षे काढली जातात. बायकोला सांगत नाहीत, मुलाला सांगायची लाज वाटते, घरात सून असते. कंबर धरते, लघवीतून रक्त पडते, तेव्हा कुठे दवाखाना गाठला जातो.

ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते, अक्रोडाएवढी. तिच्या पाठीला चिकटूनच गुदाशय. या जागेतच उपचाराचा सारा पेच आहे. शस्त्रक्रिया करून ग्रंथी काढली तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक सामर्थ्य पणाला लागते. किरणोपचार घेतले, म्हणजे आपल्या भाषेत शेक घेतला, तर मागचा गुदाशय होरपळण्याची भीती. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या १६४३ पुरुषांचे तीन गट केले. एकावर फक्त लक्ष ठेवले, दुसऱ्यावर शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याला शेक दिला. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत या कर्करोगाने मेलेल्यांचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. याचा अर्थ असा, की लवकर सापडलेल्या या रोगात कोणता उपचार घ्यायचा हे एकट्या डॉक्टरने ठरवण्याचे कामच नाही. कोणता त्रास सोसून जगायचे, हे ज्याला जगायचे आहे त्यानेच सांगायचे असते.

आपल्या माणसाला ते विचारले जाते काय?

गेल्या काही वर्षांत समाजातल्या अशा रुग्णांबरोबर रुग्णालयांच्या पायऱ्या चढण्याचे प्रसंग पुष्कळ आले. त्यातल्या दोघांविषयी लिहितो. एकजण केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त झालेले वर्ग एकचे अधिकारी. हाताशी आरोग्य योजनेचे कार्ड, मुलगा संगणक क्षेत्रात. त्यांनी तीन डॉक्टरांची मते घेतली, शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितले, शेकाच्या वीस बैठका ठरवून घेतल्या आणि त्याआधी गुदाशयाच्या रक्षणासाठी स्पेसरही बसवून घेतला. मला त्यांनी सगळे कागदावर रेघा मारून समजावून दिले. दुसरे मराठवाड्यातले शेतमजूर, तरुणपणी ऊसतोडीला जाणारे. त्यांचा रोग हाडात पोहोचला होता. “छोटं ऑपरेशन आहे, बाबा,” एवढे ऐकून ते टेबलावर गेले आणि आपले दोन्ही अंडकोष काढले आहेत हे त्यांना पट्टी सोडताना कळले. “मला कुणी इचारलंच न्हाई, दादा. अंगठा बी माझा न्हाई, सही पोरानं केली.”

दोघेही जयभीमवाले. आजारही एकच.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर वाचकांचा गैरसमज होईल. रोग शरीरभर पसरल्यावर अंडकोष काढणे हा चुकीचा उपचार नव्हे. पुरुषी संप्रेरकावर हा कर्करोग पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ साली नोबेल मिळाले. संप्रेरक थांबवायला आज इंजेक्शने आहेत, ती ठराविक महिन्यांनी आयुष्यभर घ्यावी लागतात. शस्त्रक्रिया एकदाच, खर्च कमी, परिणाम तोच. अनेक गरिबांनी विचारपूर्वकही तीच निवडली असती. त्या बाबांनीही कदाचित निवडली असती. पण निवडली असती आणि निवडली यात माणूसपणाचे अंतर आहे, आणि त्या अंतराविरुद्धच आपली सगळी चळवळ उभी राहिली.

आता स्पेसरकडे येतो, कारण अलीकडे समाजातल्या नोकरदारांच्या बोलण्यात तो शब्द येऊ लागला आहे. शेक सुरू होण्याआधी अंडकोषाची पिशवी आणि गुदद्वार यांमधल्या जागेतून सुई घालून, सोनोग्राफीत बघत, ग्रंथी आणि गुदाशय यांच्यामध्ये जेल सोडतात. त्याची मऊ गादी तयार होते आणि दोघांत सेंटीमीटरभर अंतर पडते. शेक संपेपर्यंत ती टिकते, सहा-एक महिन्यांत विरघळून शरीरात जिरते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली अशा जेलला परवानगी दिली. ज्या चाचणीवर ती मिळाली तीत २२२ रुग्ण होते आणि चाचणीचा खर्च जेल बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा जेल न घातलेल्यांत शंभरातल्या नऊ जणांना गुदाशयाचा काही ना काही त्रास उरला होता, जेल घातलेल्यांत दोघांना.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. नऊचे दोन झाले, म्हणजे फायदा खरा आहे. शौचावाटे रक्त जाणे, एकाएकी धावत जावे लागणे ही यातना ज्याने भोगली त्याला हा आकडा लहान वाटणार नाही. ज्यांच्या गल्लीत सार्वजनिक संडासापुढे रांग असते त्यांना तर मुळीच नाही. पण त्याच चाचणीत जेल न घालताही शंभरातले नव्वद जण त्या त्रासातून सुटलेलेच होते. शिवाय जेल कर्करोग बरा करीत नाही, मूत्राशयाचे फारसे रक्षण करीत नाही, रोग ग्रंथीची मागची भिंत फोडून बाहेर आला असेल तर तो घालणे योग्य ठरत नाही. क्वचित सुई चुकते, जेल गुदाशयाच्या भिंतीत शिरते, जखम चिघळते. असे प्रकार नोंदले गेले आहेत. म्हणून ज्याला स्पेसर परवडत नाही त्याने शेक म्हणजे मरण असे समजून उपचार सोडू नये, आणि कोणी त्याच्यासाठी घरावर कर्ज काढायला सांगितले तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारावे. आजाऱ्याच्या भीतीवर दुकान चालवणारे आपल्या देशात कमी नाहीत.

माझ्या मते शेतमजुराच्या दृष्टीने पहिला प्रश्न स्पेसरचा नाहीच. पहिला प्रश्न, शेकाच्या बैठका किती? पूर्वी हा शेक सात-आठ आठवडे चाले, आठवड्यातले पाच दिवस. त्या २०१५ च्या चाचणीतल्या रुग्णांनाही ४४ बैठका दिल्या होत्या. लातूर-नांदेडकडच्या माणसाने दोन महिने मुंबईत राहायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडाली, जनावरे विकली, पोरीचे लग्न लांबले. २०१६ साली ब्रिटनमधल्या तीन हजारांवर रुग्णांच्या ‘चिप’ चाचणीने दाखवून दिले, की ३७ बैठकांचे काम २० बैठकांत तितकेच चांगले होते. २०२४ साली ‘पेस-बी’ चाचणीने कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांत अवघ्या पाच बैठकांचाही निकाल तोडीस तोड असल्याचे सिद्ध केले. आपल्याकडे परळच्या टाटा रुग्णालयाने जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथीबरोबर ओटीपोटातल्या गाठींच्या जागेलाही शेक दिला तर पाच वर्षांनी रोग ताब्यात राहिलेल्यांचे प्रमाण शंभरात ८१ वरून ९५ वर गेले. तोही शेक पाच आठवड्यांत, २५ बैठकांत दिलेला. हे ज्ञान आपल्याच मातीत, आपल्यासारख्याच रुग्णांच्या अंगावर तयार झाले आहे. ते बीड-जालन्याच्या रुग्णापर्यंत पोहोचत नसेल तर त्याचा जाब विचारायचा कोणाला?

एवढ्या थोड्या बैठकांत जास्त मात्रा द्यायची तर नेम अचूक लागतो. रोज शेकाआधी आत चित्र घेऊन ग्रंथी कुठे सरकली आहे हे पाहणारे यंत्र लागते, ते चालवणारे शिकलेले हात लागतात, मूत्राशय भरलेले आणि पोट साफ ठेवून या, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणारा माणूस लागतो. गुदाशयाचे खरे रक्षण आधी यातून होते. म्हणून मोर्चा काढायचाच असेल तर तो जेलसाठी नव्हे, सरकारी रुग्णालयातल्या यंत्रासाठी आणि रिकाम्या जागांसाठी काढावा. बार्शीचे कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे तुकडोजी रुग्णालय अशी ठिकाणे आहेत म्हणून काही जणांचे मुंबईचे हेलपाटे वाचतात. ती बळकट झाली पाहिजेत. ज्या रुग्णाला स्पेसरची खरोखर गरज आहे, त्याला तो सरकारी खर्चाने मिळावा ही मागणी त्यानंतरची.

आपल्या राज्यातल्या आरोग्य योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव आहे. २०२३ साली शासनाने निर्णय करून तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत वाढवले. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १८९७ साली ज्या माउलीने प्राण सोडला तिच्या घराण्याचे नाव लावायचे आणि रुग्णाला मात्र सहीपुरता माणूस समजायचे, हे चालू देता कामा नये. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे सांगून ठेवले आहे. तपासणीसाठी आलेली स्त्री भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढले गेले. ती संमती न्यायालयाने मानली नाही. उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, धोके कोणते, नकार दिला तर काय होईल, हे शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाला स्वतःला सांगितलेच पाहिजे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेतही हेच आहे. मग त्या बाबांच्या पोराची सही कायद्याच्या कोणत्या कलमात बसते?

जबाबदारी फक्त व्यवस्थेवर टाकून मोकळे होता येणार नाही. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपल्याकडे जयंतीच्या भाषणांत आळवली जाते आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाते. ज्या अधिकाऱ्याने मला कागदावर स्पेसर समजावला, त्याच्या सख्ख्या चुलतभावाला गावी तोच आजार आहे आणि दोघांत बोलणे नाही! ‘पे बॅक टू सोसायटी’चे बिल्ले लावणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींना इंग्रजी वाचता येते, रिपोर्ट कळतो, डॉक्टरच्या खोलीत खुर्चीवर बसायची सवय आहे. गावाकडच्या माणसाला यातले काहीच नाही. त्याला उभ्यानेच उत्तर मिळते.

तेव्हा येत्या वर्षावासात प्रत्येक तालुक्याच्या विहारात एक रविवार या विषयाला द्यावा. महिलांनाही बसवावे, कारण औषधाच्या गोळ्या आणि रात्रीची लघवी शेवटी त्याच पाहतात. रुग्णाबरोबर जायला दोन-दोन निवृत्तांची यादी फळ्यावर लिहावी. जाणाऱ्याने वही न्यावी आणि डॉक्टरसाहेबांना सरळ मराठीत विचारावे: रोग ग्रंथीतच आहे की बाहेर गेला? लगेच उपचार करायलाच हवा का? शस्त्रक्रिया आणि शेक यांत माझ्या वयाला, माझ्या कामाला काय झेपेल? बैठका किती, वीसमध्ये होईल का? रोज चित्र घेऊन नेम धरणार का? स्पेसर सांगत असाल तर मलाच का? ऑपरेशनमध्ये नेमके काय काढणार? योजनेत कशाकशाचे पैसे बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लिहून घ्यावे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर डब्यात तिकिटाचे पैसे पडत नाहीत, सोबत्यालाही मोठी सवलत आहे. दाखला रुग्णालयातून मिळतो. परळला उपचार असतील तर पदपथावर अंथरूण टाकण्याआधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी. जागा मिळायला रांग असते, म्हणून शेकाची तारीख हाती पडली की त्याच दिवशी तिथे जाऊन यावे.