हातातल्या कामातील अवधान

‘ध्यानधारणेसाठी वेळ कोठून आणायचा?’ असा प्रश्न दिवसभर कष्ट करून रात्री पुस्तक उघडणारे अनेक जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्यामागे एक गैरसमज आहे. मन स्थिर करायचे तर काम बाजूला ठेवून, डोळे मिटून बसावेच लागते, असे आपण धरून चालतो.

मराठीत ‘अवधान’ हा सुरेख शब्द आहे. १२९० साली सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधानच मागतात. अवधान म्हणजे जे समोर आहे, त्यापाशी मनाने हजर असणे.

रायपूर शहराशी निगडित एक आठवण येथे बोलकी ठरते. १८७७ साली नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढे विख्यात झालेले स्वामी विवेकानंद, किशोरवयात बैलगाडीने रायपूरला निघाले होते. वडील कामानिमित्त तेथे राहत होते. वाटेत डोंगराच्या कपारीत मधमाश्यांचे प्रचंड पोळे दिसले. ते पाहता पाहता नरेंद्राचे बाह्य भान हरपले, असे चरित्रकार सांगतात. रायपुरात तेव्हा योग्य शाळा नव्हती. म्हणून सुमारे दोन वर्षे त्यांचे शिक्षण घरीच, वडिलांशी होणाऱ्या चर्चांतून झाले. रायपूरच्या बूढा तालाबाला आज विवेकानंद सरोवर असेही म्हणतात.

अशी तंद्री सर्वांना लागत नाही. आणि रस्ता ओलांडताना तर ती लागूही नये! आपल्याला हवे ते अवधान याहून साधे आहे. भाकरी भाजताना तव्याकडे लक्ष असावे, हिशेब लिहिताना आकड्याकडे आणि मूल बोलत असताना त्याच्या चेहऱ्याकडे. मन भरकटेलच. ते भरकटले हे ध्यानात येणे, हाच अवधानाचा आरंभ होय. त्याबद्दल स्वतःला दोष न देता मनाला हळूच परत आणावे. मात्र अवधान हा विश्रांतीचा पर्याय नव्हे; थकलेल्या शरीराला झोपच हवी.

शाळा सुटली म्हणून शिकणे सुटत नाही. अवधान सुटले, तर मात्र वर्गात बसूनही शिकणे होत नाही. म्हणून आज रात्री मोबाइल दूर ठेवून एकच परिच्छेद वाचावा. परंतु तो वाचताना आपण तेथेच असावे.