प्रिंट घरी हवीय? मग आधी पीडीएफ काढा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरी बसून दुकानाचा कॉम्प्युटर कसा चालवायचा ते पाहिलं. पण प्रिंटचा मुद्दा त्यात घाईत उरकला गेला. तो इथे नीट लिहितो, कारण मला तो महागात पडलाय.

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. मागच्या वर्षी एका महिनाअखेरीला रात्री अकरा वाजता घरून रिमोट लावून पगाराची यादी तयार केली. म्हटलं, एक प्रिंट काढून ठेवू, सकाळी पाकिटं भरायला बरं. कंट्रोल पी, एंटर. घरचा प्रिंटर गप्प. परत एंटर. परत गप्प. कंटाळून झोपून गेलो.

सकाळी दुकानात पोचायला उशीर झाला. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे असलेल्या काकांनी घडी घातलेले दोन कागद माझ्या हातात ठेवले. "दादा, हे मशीनमध्ये पडलं होतं." बस, एवढंच. दोन वर्षांपूर्वी आलेला, बिलिंग सांभाळणारा मुलगा काकांपेक्षा पंधराशे रुपये जास्त घेतो, हे त्या यादीत स्पष्ट दिसत होतं.

चूक प्रिंटरची नव्हती, माझी होती. रिमोटमध्ये तुमच्या घरी येतं ते फक्त दुकानातल्या स्क्रीनचं चित्र. काम तिकडेच चालतं. म्हणून तुम्ही प्रिंट दिली की दुकानाचा कॉम्प्युटर त्याला जोडलेल्याच प्रिंटरवर छापतो. त्याच्या दृष्टीने तुम्ही काउंटरमागच्या खुर्चीतच बसलेले असता!

आता काही जण म्हणतील, घरच्या प्रिंटरवर थेट प्रिंट निघते की! निघते. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये कनेक्ट करण्याआधी 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जाऊन 'प्रिंटर्स'वर टिक करायची. मग दुकानाच्या कॉम्प्युटरवर घरचा प्रिंटर दिसतो, त्याच्या नावापुढे 'रिडायरेक्टेड' असं लिहिलेलं असतं. पण त्यासाठी दुकानात विंडोजचं प्रो व्हर्जन लागतं, होम व्हर्जनला बाहेरून असं जोडता येत नाही. आणि समजा सगळं जमलं, तरी यादीत दोन प्रिंटर दिसणार. रात्री अकरा वाजता, डोळ्यांवर झोप असताना, कोणता निवडलाय हे आपण वाचतो का? मी तरी नाही वाचलं.

म्हणून माझं मत सरळ आहे: छोट्या दुकानदाराने थेट प्रिंटच्या नादी लागूच नये. त्याऐवजी असं करा:

१. रिमोटमध्ये प्रिंटर म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. विंडोज १० पासून तो आतच असतो.
२. तयार झालेली फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये बाजूच्या पट्टीत 'डाउनलोड फाइल' आहे.
३. रिमोट बंद करा. मगच घरी फाइल उघडून प्रिंट काढा.
४. काम झालं की दोन्हीकडची पीडीएफ डिलीट करा, रिसायकल बिनसुद्धा रिकामा करा.

दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. रिमोट बंद झालाय म्हटल्यावर कागद दुकानात पडूच शकत नाही, हा यातला खरा फायदा. आणि संध्याकाळी शटर ओढताना दुकानातला प्रिंटर बटणावरून बंद करत चला. पण तेवढ्यावर विसंबू नका. अडकलेली प्रिंट रांगेत थांबते आणि सकाळी प्रिंटर चालू झाला की बाहेर येते.

काकांचा पगार मी पुढच्याच महिन्यात वाढवला. खरं तर तो आधीच वाढवायला हवा होता. पण मालकाने आपणहून दिलेली वाढ वेगळी आणि कागद हाती लागल्यावर मिळालेली वेगळी. काकांना ते कळतं, मलाही कळतं. कुणाला किती द्यायचं हे ठरवायला बीबीएत शिकलो होतो, पण ते समोर बसून सांगायला हवं, हे त्या दोन कागदांनी शिकवलं.

तर आज एक काम करा. घरून रिमोट लावा, कोऱ्या पानावर फक्त 'टेस्ट' लिहा आणि प्रिंट द्या. कागद कुठे पडतो ते उद्या बघा. पगाराची यादी त्यानंतर!

भेटू पुढच्या व्हिडिओत.