कुलूप लावा, पण एक किल्ली आपल्याकडे ठेवा



दिवाळी अंकासाठी मी आजवर फराळाचे आणि भारतवारीचे लेख दिले. कॉम्प्युटरविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण अनुभव असा आला की सांगितल्यावाचून राहवत नाही.

साताऱ्याचा माझा मोठा भाऊ गेल्या वर्षी गेला. सहा वर्षांपूर्वी घराच्या वाटणीबद्दल आमचा पत्रव्यवहार झाला होता. पैशाअडक्याची बोलणी उघड्या ई-मेलवर नकोत, म्हणून दादाने आग्रहाने आम्हा दोघांच्या कॉम्प्युटरवर कुलूपबंद ई-मेलची सोय करून घेतली. माझा हिस्सा मी सोडला, पण वहिनी आहेत तोवर घर विकायचे नाही, असे मी लिहिले होते. निदान मला तसे आठवते.

आता भाच्याने विचारले, "आत्या, तू नक्की काय लिहिलं होतंस?" मी पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला. तारीख होती, दादाचे नाव होते आणि खाली पानभर निरर्थक अक्षरे! दादाचा पासवर्ड दादाबरोबर गेला. शब्द माझेच, पण मलाच वाचता येईनात.

असे का होते, ते मी नंतर समजून घेतले. ज्याला पत्र पाठवायचे तो आपले उघडे कुलूप सर्वांना वाटतो. ते लावता कोणालाही येते, उघडता मात्र त्याच्याच किल्लीने येते. ही कल्पना आपल्या इथलीच आहे. चेल्टनहॅमच्या सरकारी गुप्त कार्यालयात जेम्स एलिस यांनी १९७० साली ती मांडली आणि १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स यांनी त्याचे गणित बसवले. पण १९९७ पर्यंत हे जगाला सांगितलेच गेले नाही. दरम्यान अमेरिकेतल्या संशोधकांनी तीच वाट स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केली, आणि १९९१ साली फिल झिमरमन यांच्या पीजीपी या प्रोग्रामने ती घरगुती कॉम्प्युटरवर आणली.

म्हणजे पत्र दादाच्या कुलपात गेले की लिहिणारीलाही ते बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर आपले जुने शब्द दिसतात, कारण त्यांची वाचता येणारी प्रत आपल्या फोनवर राहते. ई-मेलमध्ये मात्र पाठवलेली प्रतही कुलूपबंदच साठवली जाते.

यावर उपाय इतका सोपा आहे की माझी मलाच लाज वाटली. मूळ पत्र एका तात्पुरत्या किल्लीने बंद होते आणि ती छोटी किल्ली दादाच्या कुलपात ठेवली जाते. तीच किल्ली आपल्याही कुलपात ठेवायची, की झाले. पत्र दोनदा बंद करावे लागत नाही. जीपीजीमध्ये यासाठी वेगळी सोय आहे, आणि थंडरबर्डसारखे आजचे प्रोग्राम हे आपणहून करतात. आमच्या जुन्या मांडणीत ते राहून गेले होते आणि मी कधी तपासले नाही.

काहींचे म्हणणे, आपल्यालाच वाचता आले नाही तर उत्तमच, कोणी जबरदस्तीने वाचायला लावणार नाही. यात तथ्य आहे. या देशात २०००चा कायदा आहे, आणि त्यातला किल्लीबद्दलचा भाग २००७ पासून लागू आहे. रीतसर परवानगी घेऊन पोलीस किल्ली मागू शकतात. जाणूनबुजून नकार दिल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर पाच. ज्या पत्रकाराला आपल्या माहितगाराला जपायचे आहे, त्याने प्रत न ठेवणे शहाणपणाचे. पण आपण मंडळी काय लिहितो? घर, मुखत्यारपत्र, आईचे औषधपाणी. आपल्याला भीती पोलिसांची नाही, विसरण्याची आहे. दिलेला शब्द पाळायचा तर आधी तो वाचता आला पाहिजे.

आमच्या आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद निघाले, तेव्हा घरात कोणाला ओ की ठो कळेना. पण पुण्यात मोडी जाणणारे भेटले आणि कागद बोलू लागले. या कुलूपबंद पत्राला असा वाचणारा कुठेच मिळणार नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे:

आज रात्रीच सहा महिन्यांपूर्वी पाठवलेले एखादे कुलूपबंद पत्र उघडून पाहा. किल्ली बदललीत किंवा नवा कॉम्प्युटर घेतलात, तरी जुनी किल्ली टाकू नका, कारण जुनी पत्रे तिनेच उघडतात. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, मृत्युपत्राशेजारी ठेवा आणि पाकिटाची जागा घरच्या एकाला तरी सांगा. आणि घरजमिनीचा निर्णय केवळ ई-मेलवर सोडू नका. तो वकिलाकरवी कागदावर आणा.

भाच्याने माझ्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला. वहिनी घरातच आहेत. पण "तुला नक्की आठवतंय ना, आत्या?" असे त्याने पुन्हा एकदा विचारले, तेव्हा मी क्षणभर गप्प झाले. तो क्षण तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

कळावे, लोभ असावा.

— आपली एक जुनी सभासद