टपावरची कयाक आणि एक दोरी
निमूहून चिलिंगला जाणारा रस्ता झांस्कर नदीच्या कडेने जातो. उन्हाळ्यात तिथे उंच फोर बाय फोरच्या टपावर कयाक लादून निघालेली मंडळी मी पाहतो. गाडी रुबाबदार, आणि बांधणी? नायलॉनची एक दोरी! टोकलं की उत्तर ठरलेलं: "एवढ्याशा अंतरात काय होतंय, साहेब?"

काय होतं ते सांगतो. कयाक वीसेक किलोचीच असते, पण वारा पकडते. लडाखात दुपारनंतर वाऱ्याला जोर चढतो. गाडी आधीच उंच, त्यात वजन टपावर, म्हणजे वळणावर ती जास्त कलंडते. नायलॉन ताणतो, भिजला की आणखीच. मग गाठ सैल पडते. सुटलेली कयाक मालकाच्या नाही, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाते.

फौजेत सामान चढवलं म्हणजे काम झालं असं नसतं. बांधायचं, हलवून बघायचं, थोडं पुढे जाऊन पुन्हा तपासायचं. इथेही तेच करा. टपाच्या आडव्या दांड्यांना दोन रुंद पट्टे, कयाकची दोन्ही टोकं खाली गाडीला ताणून बांधलेली, आणि दहा किलोमीटरवर एक थांबा. सोबत पिकअप असेल तर टपाचा हट्टच सोडा. नदीत स्वतःसाठी हेल्मेट घालता ना? मग रस्त्यावर दुसऱ्याच्या डोक्याचीही काळजी घ्या.

जय हिंद.