पोराच्या हाताला आधी काम द्या

दहावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. डिप्लोमाला घालायचं की सायन्सला? कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल? क्लास कुठला, फी किती?

हे सगळं विचाराच. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या मुलानं किंवा मुलीनं आजवर स्वतःच्या हातानं काही बनवलंय का? बिघडलेलं काही उघडून पाहिलंय का? नसेल, तर सुरुवात तिथून करा.

रमेश रासकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नाशिकचा हा मुलगा पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून इंजिनिअर झाला. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये कॅमेऱ्यावर संशोधन करू लागला. २०११ मध्ये त्यांच्या गटानं प्रकाश पुढे सरकताना टिपला. सेकंदाला एक लाख कोटी चित्रं, इतका तो वेग. दोन चित्रांच्या मधल्या वेळात प्रकाश जेमतेम ०.३ मिलिमीटर पुढे जातो. पण हे एका फटक्यात झालं नाही. लेझरची तीच चमक लाखो वेळा सोडून, दर वेळी थोडं थोडं टिपून ते चित्र जुळवलं.

याच माणसानं मोबाईलच्या पडद्यावर बसवायचं छोटं साधन बनवलं. त्यात डोळा लावून रेषा जुळवल्या की चष्म्याचा नंबर कळतो. २०१६ मध्ये त्यांना शोधकर्त्यांसाठीचा लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. नाशिकच्या कुंभमेळ्याच्या आधी त्यांनी आपल्याच गावात तरुणांची शिबिरंही घेतली. गर्दी, आरोग्य, राहण्याची सोय अशा खऱ्या अडचणींवर मुलांना कामाला लावलं.

दुसरे अरविंद गुप्ता. कानपूर आयआयटीचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत नोकरी होती. ती सोडून ते मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवू लागले. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांना लागतं काय? आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, झाडूच्या काड्या, जुनी वर्तमानपत्रं.

म्हणजे महागडं किट घेण्यासाठी कर्ज काढू नका. विड्या वळून मुलं शिकवणाऱ्या निपाणीतल्या आईलाही परवडेल, इतकंच सामान पुरतं.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम, मोटर. रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचा मीटरभर तुकडा मागून आणा. पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा रबर घ्या. जुन्या स्पीकरचं चुंबक शोधा. टॉर्चच्या मोठ्या सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना त्या रबरानं घट्ट बांधा. तारेचे दहा वेढे घेऊन गोल करा आणि दोन्ही टोकं बाहेर सरळ ठेवा. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडा. दुसऱ्याचं फक्त एका बाजूनं खरवडा. टोकं पिनांच्या भोकांत ठेवा, चुंबक खाली सेलवर ठेवा आणि वेढ्याला हलकी टिचकी मारा. तो फिरू लागेल.

मग मुलाला विचारा, दुसरं टोक अर्धंच का खरवडलं? उत्तर लगेच सांगू नका. त्याला पूर्ण खरवडून बघू द्या. वेढा अडखळेल, तेव्हा तो स्वतःच विचार करील. मोटर थांबली की तार काढून ठेवा, नाहीतर सेल तापतो.

दुसरं काम, पेटी कॅमेरा. बुटाच्या खोक्याच्या एका बाजूला सुईनं बारीक भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे बटर पेपर लावा. डोक्यावरून काळं कापड घेऊन उन्हातल्या झाडाकडे खोकं धरा. झाड उलटं दिसेल. भोक मोठं केलं तर चित्र उजळ होईल, पण धूसरही होईल. मोठ्या कॅमेऱ्यातही उजेड आणि स्पष्टता यांचा हाच हिशेब सांभाळावा लागतो.

तिसरं काम, उघडून पाहणं. बंद पडलेलं घड्याळ, टॉर्च, सेलवरचा रेडिओ मुलांच्या हाती द्या.

पण काही गोष्टींना सक्त मनाई करा. सगळे प्रयोग सेलवरच. भिंतीवरच्या बोर्डात तार घालायची नाही. टीव्ही, मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर उघडायचे नाहीत. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असू शकते. मोबाईलची फुगलेली बॅटरी टोचायची नाही. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही.

चौथं काम, वही. काय केलं, काय फसलं, का फसलं, हे मुलानं लिहावं. आधी मराठीत लिहू द्या. समजलं की तेच कन्नडमध्ये आणि इंग्रजीत लिहायला सांगा. आपल्या भागातल्या मुलांना तिन्ही भाषा लागतातच. पण समज घरच्या भाषेत पक्की होऊ द्या.

शिक्षकांनाही विनंती आहे. प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप उघडा. आठवड्यातला एक तास मुलांच्या हाती सामान द्या. काचेची एखादी नळी फुटली तर फुटू दे. आणि मुलींना फक्त वही लिहायला बसवू नका. स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याही हातात द्या.

आता प्रवेशाचं. कॉलेज निवडताना इमारत बघून भुलू नका. प्रयोगशाळा बघा. यंत्रांवर धूळ आहे का ते बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, प्रोजेक्ट स्वतः केला की विकत आणला?

कागदपत्रांतही ढिलाई नको. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. गावाचा आणि मातृभाषेचा दाखला वेळेत काढा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. कर्नाटकात इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची तर सीईटीच्या तारखांवर लक्ष ठेवा. तिथल्या व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय तर बेळगावातच आहे.

प्रत्येक मूल रासकर होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण ज्याचे हात चालतात ते मूल बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात असो की परदेशी प्रयोगशाळेत, अडून राहत नाही. म्हणून या रविवारी मोबाईल बाजूला ठेवा, एक सेल आणि थोडी तार आणा, आणि मुलांबरोबर तुम्हीही बसा.