अंधाराचे भाडे कोणी भरायचे?

वाचकहो, तुमच्या पुढच्या ताटात आज जी चकली आहे, तिची भाजणी कोणत्या तरी गिरणीत दळली गेली असेल. ती गिरणी बहुधा भाड्याच्या गाळ्यात असेल. आणि दिवाळीआधीच्या गर्दीत तिथे एकदा तरी वीज गेली असेल. त्या वेळी तुम्ही काय म्हणालात, ते जरा आठवून पाहा. 'काय हो काकू, ऐन सणाला?' आम्हीही हेच म्हणालो. जणू काकूंनीच विळ्याने तार तोडली होती!

आमच्या तालुक्याच्या गावची ही गिरणी एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. नवऱ्यामागे काकू ती एकट्या चालवतात. पूर्वी ती तेलाच्या इंजिनावर चाले. इंजिनाची पुक्‌पुक् ऐकू आली की आळीतल्या बायका डबे उचलीत. पुढे विजेची मोटर आली आणि इंजिन भंगारात गेले. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सर्वांना त्या इंजिनाची आठवण झाली. पण तोवर मागच्या अंगणातल्या त्याच्या जागेवर मालकांनी मोबाइलचे दुकान बसवले होते.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. डब्यांची रांग पायरीपर्यंत आली होती. एकाएकी गाळ्यातला दिवा गेला, जाते मंदावले, मोटर घुमू लागली. काकूंनी धावत जाऊन लाल बटण दाबले, पण तोवर करपल्याचा वास सुटला होता. आम्ही सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे वीज कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. मीही त्यात मागे नव्हतो. एवढ्यात माझ्याच वर्गातला एक पोरगा म्हणाला, 'गुरुजी, समोर तर लाइट आहे!'

खरेच होती. रस्ताभर होती. गेली होती ती फक्त आमच्या इमारतीच्या तीन फेजांपैकी एक. मीटरच्या कपाटातला जुनाट कटआउट जळाला होता. तीन फेजांवर चालणाऱ्या मोटरची एक फेज गेली, तर ती लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते, तापते आणि आतले वाइंडिंग जाळून घेते. फेज जाताच मोटर बंद पाडणारे छोटे यंत्र स्टार्टरला लावता येते. काकूंनी ते लावले नव्हते, ही त्यांची चूक, मान्य. पण कपाटाला कुलूप होते, किल्ली मालकांच्या कमरेला होती आणि मालक पुण्याला लेकीकडे गेले होते. ही चूक कोणाची?

मोटर गुंडाळून देणाऱ्याने भाऊबीजेनंतरचा वायदा केला. वर्षाची निम्मी कमाई ज्या आठ दिवसांत व्हायची, ते आठ दिवस काकू बंद जात्यापाशी बसून लोकांचे डबे परत करीत होत्या. त्या महिन्याचे भाडे मात्र पाच तारखेला पुरतेच द्यावे लागले.

मी मालकांना गाठले. ते म्हणाले, 'मास्तर, वीज काय माझ्या बापाची आहे?' नाही, मुळीच नाही. पण तो कटआउट तुमचा आहे, ती भिंत तुमची आहे, ती किल्ली तुमची आहे! रस्त्यावरची वीज गेली तर कंपनीला जाब विचारावा. इमारतीतली गेली तर इमारतवाल्याला. हा साधा भेद आपण करीत नाही आणि त्या गोंधळात घरमालक सुखाने झोपतो.

'मग जनरेटर घ्यावा की,' ते म्हणाले. घ्यावा, पण ठेवायचा कुठे? घरातल्या इन्व्हर्टरवर दिवे लागतात, गिरणी फिरत नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते, म्हणून जनरेटरही तसाच दांडगा लागतो. त्याचा धूर कोंडलेल्या गाळ्यात माणसाला मारू शकतो, तेव्हा त्याला उघडी जागा हवी. शिवाय बदली-स्विच नीट बसवला नाही, तर वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. जागा हवी, भिंत हवी, होकार हवा. तिन्ही मालकांजवळ, आणि तिन्हींना त्यांचा नकार! उपाय करू द्यायचा नाही आणि उपाय का केला नाही म्हणून विचारायचे, असा हा न्याय आहे.

काकूंनी स्वतःचे मीटर मागितले, तेव्हाही 'माझी संमती लागेल' असे उत्तर मिळाले होते. हे धादांत खोटे आहे. 2003 च्या विद्युत कायद्याचे 43 वे कलम मालकाबरोबर भोगवटादारालाही वीज मागण्याचा हक्क देते. मालकाची ना-हरकत नाही एवढ्यासाठी भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2022 साली सांगितले आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे 29 वे कलम तर भाडेकरूची वीज सबळ कारणावाचून तोडायला किंवा रोखायला मालकाला मनाई करते.

मग काकू भांडत का नाहीत? कारण त्यांच्याजवळचा कागद अकरा महिन्यांचा आहे. त्या कागदाने माणूस भाडेकरू ठरतच नाही, नुसता परवानाधारक ठरतो. कायद्याचे पुस्तक घेऊन गेलेल्या बाईला बारावा महिना मिळत नाही, हे काकूंना माझ्याहून चांगले कळते.

आणि आम्ही गिऱ्हाइके? मी स्वतः दुसऱ्या दिवशी डबा उचलून स्टँडजवळच्या गिरणीत गेलो. बायकोने विचारले, 'काकूंना काय वाटेल?' मी म्हटले, 'चकल्या तर व्हायला हव्यात!' हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे.

यंदा कागद नवा व्हायचा होता, तेव्हा त्यात दोन कलमे मी माझ्या हाताने लिहून दिली. एक, मीटरच्या कपाटाची दुसरी किल्ली गिरणीत राहील. दुसरे, इमारतीतल्या बिघाडाने गिरणी जितके दिवस बंद राहील, तितक्या दिवसांचे भाडे घेतले जाणार नाही. मालकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, 'दिवाळीनंतर बघू, मास्तर.'

घडी अजून त्यांच्या खिशात आहे. मोटरीला या वर्षी ते छोटे यंत्र काकूंनी स्वतःच्या पैशाने लावून घेतले आहे.